एका विषयापुरती

१२ जानेवारी, रविवार
विद्यापीठाचं ओळखपत्र डाउनलोड झालं. फोटो भाचीच्या लग्नातला कापून लावल्यासारखा दिसतो (तसाच आहे). नाव बरोबर, गाव महागाव बरोबर. विषय: संभाव्यता, पेपर १. आणि 'पदवी' या शब्दापुढे नुसती एक आडवी रेघ.
प्रमोदला दाखवलं. नवऱ्याने अभिनंदन करावं, तर म्हणतो, "प्रिंट अर्धवट आली वाटते."
परत समजावलं. एम.एस्सी. सांख्यिकीला जायचं तर आमच्यासारख्या बी.कॉम.वाल्यांनी आधी गणिताचे दोन पेपर सुटे द्यायचे. दोन्ही पास झालो की मग अर्ज. "म्हणजे तू कॉलेजात हायेस?" हो. "कोन्त्या कोर्सले?" कोर्सला नाही, पेपरला. तो म्हणाला बरं. त्याला काही समजलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण नाही.

१३ जानेवारी
आज मामाजींची पाळी. माझे सासरे, जन्म कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर गेला, त्यांना सगळं आकड्यात लागतं.
"कोन्त्या वर्षाले हायेस?"
"वर्ष नाही मामाजी, पेपर आहे. एक नंबरचा."
"मंग पहिलं वर्ष म्हन ना."
सई दप्तर भरता भरता फिदीफिदी हसत होती. आठवीतली पोरगी आईच्या शिक्षणाला हसते. हसू दे. तिला निदान वर्ग तरी आहे.

१९ जाने., रविवार
पहिला ऑनलाइन वर्ग. मॅडम म्हणाल्या, एकेकाने ओळख करून द्या. कोणी एम.एस्सी. पहिलं वर्ष, एक तर पीएच.डी.वाला. माझा नंबर आला. मी म्हणाले, मी फक्त हा एकच पेपर. मॅडम गोड आवाजात, "अरे वा, छंद म्हणून?"
छंद!  तोवर माइक बंद केला होता म्हणून बरं.
छंद नाही हो मॅडम. तालुक्याच्या सरकारी ऑफिसात आम्ही पीक कापणीचे आकडे भरतो. मोजकी वावरं निवडतात, त्यात दोऱ्या बांधून तेवढ्याच तुकड्यातलं सोयाबीन कापून तोलतात आणि त्यावरून अख्ख्या महसूल मंडळाचं उत्पन्न ठरतं. दिवाळीआधी तांड्यावरचे एक काका खिडकीशी येऊन म्हणाले, "आमच्या वावरात तर कोनी पाय नाही ठेवला बाई. मंग आमचं किती पिकलं हे तुमाले कसं समजलं?" मी म्हणाले, वरून ठरते. ते गेले. मला माझीच लाज वाटली. बारा वर्षं आकडे भरते आणि हे ठाऊक नाही.
शिवाय कंत्राट. दर अकरा महिन्यांनी जीव टांगणीला. ऑफिसातली सांख्यिकीची कायम जागा एम.एस्सी.शिवाय मिळत नाही, आणि वयाच्या अटीला माझ्याकडे तीनच वर्षं आहेत. हे सगळं मॅडमला सांगायला हवं होतं. अशी उत्तरं मला नेहमी भांडी घासताना सुचतात.

२ फेब्रुवारी
स्वतंत्र घटना वेगळ्या आणि एकमेकींना वगळणाऱ्या घटना वेगळ्या. मी दोन आठवडे एकच समजत होते. गृहपाठ परत आला, सहाव्या उत्तरापुढे मॅडमचं लाल प्रश्नचिन्ह. शब्द एक नाही. प्र. म्हणतो, "त्यायलेबी नसन समजलं."
मग भाजी निवडताना स्वतःच लावून पाहिलं. मी ऑफिसात असणं आणि मी घरी असणं, दोन्ही एकदम होत नाही. म्हणजे वगळणाऱ्या. पण स्वतंत्र नाहीत, कारण मी ऑफिसात आहे कळलं की घरी नाही हे आपोआप कळतं. अस्सं! प्र.ला सांगितलं तर म्हणे, "याच्यासाठी फी भरली?"

२३ फेब्रु.
हेल्पलाइन. पेपर पास झाले तर ते किती वर्षं धरतात, एवढंच विचारायचं होतं. पहिला म्हणाला तीन वर्षं. दुसरी म्हणाली आयुष्यभर. तिसऱ्याने क्रमांक टाकून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्याकडे कोणत्याच कोर्सला दिसत नाही."
मग मी कोण? हे त्याला विचारलं नाही.

१६ मार्च
जयंती समितीचे सेक्रेटरी बंडूभाऊ वही घेऊन येऊन गेले म्हणे, मी बाजारात होते. मामाजींनी चहा पाजला. "कायले आलते?" विचारलं तर मामाजी म्हणाले, "असंच." मामाजी 'असंच' म्हणतात तेव्हा काहीतरी असतं.

५ एप्रिल
होतंच. जयंतीची पत्रिका छापून आली. गुणवंतांचा सत्कार, क्रमांक चार: आयु. उज्ज्वला प्रमोद, एम.एस्सी. (सांख्यिकी).
 पत्रिका तशीच घेऊन मामाजींपुढे उभी राहिले.
"मामाजी, मी अजून परीक्षासुद्धा दिली नाही!"
"देशीन ना."
"पण ती एम.एस्सी. नाहीच!"
"मंग काय हाय ते?"
 तीन महिने झाले, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही.
प्र. म्हणाला, "जाऊ दे ना, कोन तपासून राह्यलं." त्याच्यावर जास्त राग आला. मी तपासते आहे ना! रोज तेच तर काम करते मी.

८ एप्रिल
बंडूभाऊंकडे गेले. म्हटलं नाव काढा. ते कळवळलेच, "वहिनी, मोमेंटोवर नाव कोरून झालं. आन मामाजीनं सोता सांगतलं." मग वही उघडून म्हणाले, "बरं, तुमी सांगा काय लिवाचं. माइकवर तसं वाचतो."
मी सांगितलं: एम.एस्सी.च्या पात्रतेसाठी लागणाऱ्या दोन सुट्या विषयांपैकी पहिला, परीक्षा बाकी.
भाऊंनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, हे वाचता वाचता पुढचे तीन गुणवंत म्हातारे होतीन."
हसू आलं. राग तसाच आहे.

१४ एप्रिल
विहारापुढे मांडव. मी पक्कं ठरवून गेले होते की माइक हातात घेऊन खरं सांगायचं. नाव पुकारलं, बंडूभाऊंनी 'एम.एस्सी.' जेवढ्या जोरात म्हणता येईल तेवढ्या जोरात म्हटलं. "मी अजून..." एवढं म्हणाले आणि टाळ्या. मोमेंटो हातात, पाचव्या क्रमांकाचं नाव सुरू.
खाली उतरले तर दोन म्हाताऱ्यांनी गालावरून हात फिरवून बोटं मोडली. बारावीतली एक मुलगी आली, "ताई, एम.एस्सी.ले किती वर्षं लागतात?" दोन. "तुमचं कधी झालं?"
"चाललंय," म्हणाले. तिच्याकडे पाहवेना.
घरी येऊन मोमेंटो शोकेसमध्ये ठेवला, तोंड भिंतीकडे करून.

१५ एप्रिल
मोमेंटो सरळ. मामाजी. परत भिंतीकडे केला.

१८ एप्रिल
सरळ. भिंतीकडे. सरळ. दोघंही एकमेकांना काही बोलत नाही. सई म्हणते, "घरात भूत आहे."

११ मे
अभ्यास पहाटे, स्वयंपाकाआधी. नमुना निवड हा धडा चारदा वाचला. प्रत्येक शब्द ओळखीचा आणि वाक्य परकं. परीक्षा ८ जूनला, यवतमाळला. नापास झाले तर? एकटीच नापास झाले असते तर चाललं असतं. आता अख्ख्या मांडवासमोर नापास होणार. झोपेतही आयु. उज्ज्वला प्रमोद ऐकू येतं.

२४ मे, शनिवार
आजचं सगळं लिहून ठेवते.
मामाजींनी सोयाबीनची उगवण पाहायला शंभर दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवले होते. आज उघडलं. मला म्हणाले, "मोज." कोंब आलेले एकीकडे, बसलेले एकीकडे. एक्याऐंशी उगवले होते. मामाजी खूश, बियाणं चाललं.
मी विचारलं, या शंभरावरून पोत्यातल्या बाकीच्यांचं कसं सांगता? त्यांनी पोत्यात हात घालून दाखवलं. थोडे वरून, थोडे मधातून, थोडे पार बुडातून. "आपल्या मनानं निवडाचे नाही. चांगले पाहून घेतले तर आपनच आपल्याले फसवतो. डोळे मिटून मूठ भराची."
 मॅडमचे तीन रविवार आणि माझी चार वाचनं, ते सगळं या मुठीत होतं. वावरं पण चिठ्ठीनंच निवडतात! तांड्यावरच्या काकांना हे सांगता आलं असतं. त्यांच्या वावराचं नाही सांगता येत, सगळ्यांचं मिळून सांगता येतं, आणि चुकतंही. एवढं तरी खरं सांगता आलं असतं.
आनंदाच्या भरात मनातलं बोलून गेले. "मामाजी, नापास झाले तर त्या मोमेंटोचं काय करू?"
ते दाणे गोळा करत होते. थांबले. म्हणाले, "मी मॅट्रिकले सहा विषयात पास व्हतो. मालूम हाय?"
नव्हतं.
"सात विषय. गनित राह्यलं. त्याच साली बाप गेला, मंग कोन बसू देते परत. सहा विषय पास झालो ते कोनी इचारलं नाही. लोकायनं सातवाच पाह्यला. एका विषयानं मी जलमभर नापास राह्यलो, बाई. मंग एका विषयानं तू पास काहून नाही?"
 हिशेब चुकीचा आहे, हे मला समजतं. कुठे चुकलाय ते मात्र दाखवता येईना.
आणि एक गोष्ट इथेच लिहिते, कोणाला सांगणार नाही. मागच्या वर्षी कुटुंब सर्वेक्षणात आमच्या घराची माहिती मीच भरली. मामाजींच्या नावापुढे शिक्षण: मॅट्रिक नापास. विचारलंसुद्धा नव्हतं. सगळे तेच म्हणतात, मीही तेच टिपलं.
संध्याकाळी रडू आलं. मोमेंटो सरळ होता. तसाच राहू दिला.

८ जून
पेपर. सकाळची बस, आर्णीपर्यंत उभी. केंद्रावर माझं नाव कोणत्याच यादीत नाही. पर्यवेक्षक सरांनी तीन गठ्ठे चाळले, घाम पुसला. शेवटी तळाशी एक वेगळा कागद निघाला, त्यावर एकच नाव, माझं. "तुमचा वर्ग भलता मोठा हाये हो," म्हणाले. सही केली.
नमुन्याचा प्रश्न आला होता! बारदाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला. शेवटचा अर्धाच झाला. पास? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

२० जुलै, रविवार
निकाल.
संभाव्यता, पेपर १: उत्तीर्ण.
त्याच ओळीत पुढे, एकूण निकाल: अपूर्ण.
प्र.ला दाखवला. प्र. म्हणाला, म्हणजे नेमकं काय समजायचं? दोन्ही, म्हणाले.
मामाजी दारातून, "पास का नापास?"
पास, मामाजी. पहिल्यांदाच त्यांना पुढे काही समजावलं नाही. ते चप्पल घालून बाहेर गेले आणि पेढे घेऊन आले. बंडूभाऊंना दोन दिले म्हणे. बंडूभाऊंनी विचारलं, "आता हे कशाचे?" मामाजी म्हणाले, "त्याच एम.एस्सी.चे."

२६ जुलै
दुसऱ्या पेपरच्या प्रवेशाची शेवटची तारीख ३१. विद्यापीठाला मेल केला होता की दोन्ही पेपर झाल्यावर बी.कॉम.वाल्यांना नक्की घेणार ना? उत्तर आलं: आपला मुद्दा विचाराधीन आहे. सप्टेंबरात कंत्राट संपतं. भरू की थांबू? प्र. म्हणतो, पक्कं उत्तर येऊ दे. उत्तर येईपर्यंत तारीख जाईल. सुट्या पेपरवाल्यांची कोणाला घाई. एकदा वाटतं भरावा, एकदा वाटतं दोन पेपर पास होऊनही मी आहे तिथेच राहणार.
मामाजींनी पेटीतून त्यांची मार्कलिस्ट काढून दिली, प्लास्टिकमध्ये घातलेली. सहा विषय खरंच पास. इंग्रजीत तर माझ्यापेक्षा जास्त. "हा एक विषय आता देता येते का, जरा इचारून पाह्यजो." थट्टेत म्हणाले की खरं, चेहऱ्यावरून समजलं नाही. ती मॅट्रिकच आता राहिली नाही, हे सांगवलं नाही. विचारते म्हणाले.

२८ जुलै, सोमवार
ऑफिस. सर्वेक्षणाच्या दुरुस्त्या सुरू आहेत. जेवणाच्या सुट्टीत आमच्या घराचं पान उघडलं. मामाजींचं नाव. शिक्षणापुढची यादी खाली ओढली. निरक्षर, चौथी, सातवी, मॅट्रिक नापास, मॅट्रिक पास, पदवी. 'सहा विषय पास' कुठेच नाही. 'पास' वर बोट नेलं. ते खोटं. 'नापास' तसंच ठेवावं, तर तेही आता मला खरं वाटेना.
शेवटी होतं ते पुसलं आणि काहीच निवडलं नाही. जतन केलं. रिकामी जागा सोडली की त्या रकान्यात आपोआप एक आडवी रेघ येते. माझ्या ओळखपत्रावर आहे तशीच.
दुसऱ्या पेपरचा फॉर्म अर्धा भरून ठेवलाय. अजून तीन दिवस आहेत.