केशवचं नवं घर

हैदराबाद, नोव्हेंबर १९९४

केशवच्या बाबाले गयाबाईचा नमस्कार. तुमी भीमपूरले खुशाल असान.

पोरानं घेतलेलं घर लई चांगलं हाय. चुलीपाशीच नळ, वर पंखा, फरशी तर चकाकते. शेजारी सारे नोकरीवाले. लेकानं नाव काढलं.

मंगळवारी मी कोथिंबीर आणाले खाली गेली अन् परतताना भलत्याच बिल्डिंगीत चढली. इथं साऱ्या बिल्डिंगी एकाच रंगाच्या. कुलपाले किल्ली लागेना. एका बाईनं तेलगूत काहीतरी विचारलं. मले बाजारातलं तेलगू येते, भाव विचारता येते. पण माझं घर सापडत नाही, हे सांगता येईना. सांजेपर्यंत पायरीवरच बसली. केशवले सापडली तवा त्याचे डोळे भरले होते. "आई, आता एकटी बाहेर निंगू नको," म्हणे.

तवापासून दोघं नवरा-बायको कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतात. काळजीनंच लावतात, त्याईले बोलू नका. हे पत्र खिडकीच्या जाळीतून शेजारणीले देईन, पेटीत टाक म्हणून हातानं खुणावीन.

गाय दूध देते का? तुमच्या भाकरी कोण करून राह्यलं?

कापूस वेचून झाला की या. केशवले म्हणा, घर पाहाले आलो. मले न्याले आलो, असं म्हणू नका. त्याले वाईट वाटन.

वाट पाहणारी,
गयाबाई