माळ उतरली

सदाशिव पेठ, पुणे
१२ डिसेंबर

ती. शालूताईस,
धाकट्या रणजितचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर ते आधी तुझी सून वाचते, मग शेजारीण आणि उरलं तर तू. म्हणून हे जुन्या पद्धतीचं पत्र. तुमच्या वाडीचा टेम्पोवाला शंभू भाजी घेऊन मार्केट यार्डात येतो, त्याच्या हाती देतोय. तो पत्र न उघडता पोचवतो, एवढ्यावर मी त्याला चहा पाजतो.

पोट रुसलंय. दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतं आणि तोंड कायम कडू. तुझ्या भावजयीने, भाग्यश्रीने, स्वयंपाकघराचा दवाखाना केलाय. सकाळी आवळ्याचा रस, जेवणाआधी सैंधव लावलेलं आलं, जेवणानंतर ओवा, दुपारी हिंग-जिऱ्याचं ताक आणि झोपताना सुंठ. एवढं सगळं पोटात गेल्यावर जेवायला जागा कुठे उरणार, असं मी म्हटलं तर तिने दुसऱ्या दिवसापासून कोकमही सुरू केलं.

परवा केस कापताना न्हाव्याने विचारलं, काका, डोळे पिवळे का दिसताहेत. घरी येऊन आरशात पाहिलं तर खरंच पिवळे. आमचा सार्थक लगेच सोनोग्राफी म्हणाला. आयटीतला मुलगा, त्याला माणसाच्या आतही स्क्रीन लावून बघावंसं वाटतं. मी सांगितलं, ज्याची सख्खी बहीण अख्ख्या तालुक्याची कावीळ उतरवते त्याने पोटाला जेली फासून घ्यायला रांग लावायची, हा तिचा अपमान आहे. आमच्या सोसायटीतले कितीतरी जण मीच तुझ्याकडे पाठवले आणि झाडून सगळे बरे झाले. आता माझी पाळी. एक माळ पाठव.

लोभ आहे तेवढाच असू दे, सध्या जास्त पचत नाही.

तुझा
रणजित


वरची वाडी, ता. भोर
१५ डिसेंबर

चि. रणजितास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून हातातलं काम तसंच टाकलं. आई गेली तेव्हा तू रांगतही नव्हतास, माझ्या कडेवर वाढलास. तुला साधी शिंक आली तरी माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, हे तुला माहीत आहे आणि त्याचा तू आजवर पुष्कळ फायदा घेतला आहेस.

पहाटे आंघोळ करून पुनर्नवेची मुळी काढून आणली. मुळी काढताना कुणाशी बोलायचं नसतं. सून हाका मारत राहिली, मी ओ दिली नाही. आता ती गावभर सांगतेय की सासूबाईंना होतं तेवढंही ऐकू येईनासं झालं.

माळ सोबत आहे. मुळीचे ओले तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवले आहेत. आज ती टोपीसारखी जेमतेम डोक्यावर बसेल. काढायची नाही. हळूहळू लांबेल, गळ्यात येईल, मग छातीवर, मग पोटावर. जशी माळ उतरेल तशी कावीळ उतरेल. तेल, तूप, हळद, तिखट बंद. ज्वारीची भाकरी, मुगाचं पाणी, पातळ ताक आणि उसाचा रस. अंग खाजलं तर कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ कर. आणि आभार मानू नकोस, मानले तर औषधाचा गुण जातो.

भाग्यश्रीला आणि सार्थकला आशीर्वाद. भाकरीचं पीठ पाठवलंय, पिशवी परत पाठव.

तुझी
शालूताई


सदाशिव पेठ, पुणे
२० जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आभार मानायचे नाहीत म्हणून मानत नाही, पण माळ बेंबीपर्यंत उतरली! तळमजल्यावरच्या काकू रोज जिन्यात थांबवून विचारतात, आज कुठवर आली, आणि मी शर्ट वर करून दाखवतो. या वयात एवढं कौतुक माझं दुसऱ्या कशासाठी झालं नसतं. बुधवार पेठेत पुस्तकं विकून जन्म गेला, पण एका ग्राहकाने असं थांबून पाहिलं नाही.

एवढंच की डोळे अजून पिवळेच आहेत. भाग्यश्री म्हणते, थोडे जास्तच. खाज तर अशी सुटते की पाठ भिंतीला घासावी लागते. शौचाचा रंग मातकट पांढरा झालाय. पँट कमरेवर थांबत नाही, पण मुगाच्या पाण्यावर कोण लठ्ठ होणार.

सार्थकने काल रजा काढून सोनोग्राफीची वेळ घेतली होती. मी गेलो नाही. त्याने इंग्रजीत बरंच सुनावलं. मी माळ त्याच्यासमोर धरली आणि म्हटलं, हा माझा रिपोर्ट. तो न जेवता निघून गेला. तेव्हा मला वाईट वाटलं, अजून वाटतंय. त्याचा विश्वास मशीनवर आहे आणि माझा तुझ्यावर. म्हणून तुलाच विचारतो, जाऊ का तपासायला? तू जा म्हणालीस तर जातो.

उत्तर शंभूजवळ दे. लोभ पाठव, तेवढा खायला पथ्यात मनाई नाही.

तुझा
रणजित


वरची वाडी
२४ जानेवारी

चि. रणजितास आशीर्वाद.

माळ बेंबीपर्यंत आली हे वाचून मी देवापुढे साखर ठेवली. माळ उतरली म्हणजे आतली कावीळ सुटली. डोळे मागाहून निवळतात, घाई करू नकोस. खाज अजून आहे हे मात्र मला आवडलं नाही. कुणीतरी तुझ्या पानात चोरून तेल घालतंय, आणि ते कोण ते तुझ्या बायकोलाच विचार.

दुसरी माळ पाठवते आहे. महाशिवरात्रीपर्यंत थांब. मशीन कुठे पळून जात नाही. सार्थकला सांग, आत्यावर रागवायचं तर खुशाल रागव, पण जेवून रागव.

तुला बरं वाटलं की इकडे ये, हुरडा खायला घालते.

तुझी
शालूताई


पुणे
३ मार्च

ती. ताईंस,
भाग्यश्रीचा नमस्कार.

यांना थंडी वाजून ताप भरला आणि हे बाथरूममध्ये पडले. सार्थकने कुणाला न विचारता गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाला कॅन्सरची गाठ आहे. तिने पित्ताची नळी दाबून धरली होती, म्हणून डोळे पिवळे, म्हणून खाज. तुम्ही नेहमी उतरवता ती कावीळ बहुतेक वेळा दूषित पाण्याची असते आणि पथ्य-विश्रांतीने आपोआपही बरी होते, असं डॉक्टर म्हणाले. ही तशी नव्हतीच.

डोळे कधीपासून पिवळे आहेत असं त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. सार्थकने विचारलं, डिसेंबरात आणलं असतं तर? तेव्हा ऑपरेशनचा विचार करता आला असता, असं ते म्हणाले. आता यकृतात पसरलंय. नळीत स्टेंट घातलाय तो पित्त वाहावं म्हणून, बरं होण्यासाठी नाही.

ताई, मला तुमचा फार राग आलाय. तुमचं ते घाई करू नकोस वाचून हे शांत झोपले होते. यांचाही राग आलाय, आणि माझा तर सगळ्यात जास्त. ओवा, सुंठ, कोकम मीच देत बसले. हळदीचा डबा मीच माळ्यावर टाकला. सार्थक घरात तुमचं नाव काढू देत नाही.

यांना सगळं सांगितलंय. ऐकल्यावर पहिलं काय म्हणाले असतील तर ताईला कळवू नका. तरी मी कळवते आहे. तुम्हीच त्यांना वाढवलंत, तुम्हाला कळायला हवं.

लोभाचं आज लिहवत नाही.

भाग्यश्री


पुणे
१९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. सार्थकने पाठीला उशा लावून दिल्यात आणि मी काय लिहितोय ते बघत नसल्याचं नाटक करत शेजारी बसलाय.

भाग्यश्रीने तुला काय लिहिलं ते मी विचारलं नाही. खोटं लिहिलं नसणार, तिला ते जमत नाही. मला राग आला का, तर आला. जाऊ का असं मी विचारलं होतं आणि तू थांब म्हणालीस. पण माझा हट्ट तुझ्याआधीपासूनचा आहे. सगळ्या सोसायटीसमोर शर्ट वर करून मिरवलो, मग कुठल्या तोंडाने सोनोग्राफीला जाणार होतो?

बातमी कळल्यावर तू शंभूबरोबर तिसरी माळ पाठवलीस. सिस्टर ती डोक्यावर घालू देईना, म्हणून सलाइनच्या स्टँडला अडकवली. मला पडल्यापडल्या दुसरं बघायला काही नव्हतं. ताई, ती तिथेही लांबली. पार चाकापर्यंत आली. स्टँडला कावीळ झालेली नव्हती गं. ओल्या मुळ्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि दोरा सुटत जातो, एवढंच आहे ते. तू कुणाला फसवलं नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. पण हे तुला सांगावं की नाही यात माझे बरेच दिवस गेले, आणि आता ते फारसे शिल्लक नाहीत.

शंभू म्हणाला, तू माळा बंद केल्यास आणि दार लावून बसतेस. तसं करू नकोस. तुझ्या दारातून परत गेलेला माणूस दुसऱ्या माळवाल्याकडे जाईल. दार उघडं ठेव. पिवळे डोळे घेऊन जो येईल त्याला आधी तपासायला पाठव. लोक तुझं ऐकतात. माझ्याइतकं तर कुणीच ऐकलं नसेल.

तुला बघावंसं फार वाटतं. सार्थकची काळजी करू नकोस, मी त्याला सांगतो. ये. लोभ होता तिथेच आहे.

तुझा
रणजित


वरची वाडी
२ मे

चि. भाग्यश्रीस आशीर्वाद.

चि.च्या पुढे सौ. लिहायची हाताला सवय आहे. लिहिलं गेलं आणि खोडावं लागलं, म्हणून हा दुसरा कागद घेतला.

तेराव्याला सार्थक माझ्याशी बोलला नाही, पण मी उन्हात उभी दिसले तर खुर्ची आणून ठेवली. त्याला माझा आशीर्वाद सांग. नाही सांगितलास तरी चालेल. शेवटच्या दिवसांत रणजितचा हात हातात घेऊन बसता आलं, हे तुम्ही दोघांनी मला दिलंत. ते मागायला माझ्याजवळ तोंड नव्हतं. घरात एकटी असले की मोठ्याने रडते. मला माझं रडणं ऐकू येत नाही, सुनेला येतं, ती चहा करून आणते.

त्याने सांगितलं तसं दार उघडं ठेवते आहे. लोक रागावून जातात. काही जण खिंडीपलीकडच्या माळवाल्याकडे गेल्याचं कानावर आलं.

काल वस्तीवरची मालनबाई नवऱ्याला घेऊन आली. डोळे पिवळे, हातांवर खाजवल्याचे ओरखडे. मी सांगितलं की माळ मिळणार नाही, आधी तपासून घ्या, शंभू टेम्पोने दवाखान्यात सोडेल. ती माझ्या कानाशी ओरडून भांडली. साऱ्या गावाला दिली, मग आमच्यावरच कसला राग हाय, असं म्हणाली. तेव्हा मी तिला सांगितलं की माझा भाऊ काविळीने गेला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, सख्ख्या भावाला माळ घातली नव्हती का.

मी म्हटलं, घातली होती. चांगली बेंबीपर्यंत उतरली होती.

मालनबाईने नवऱ्याला हाताला धरून उठवलं आणि टेम्पोत बसवलं.

माझ्यावर लोभ ठेव असं लिहायला हात होत नाही. तू ठेवशील तेवढा पुरे.

रणजितची ताई
शालू