बोरमाळेतला पोकळ मणी

आई, लिहायला फार उशीर झाला, राग धरू नकोस. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझी पणती आता लग्नाला आलीय. चौथीपर्यंतचीच शाळा माझी, अक्षरं जुळवायला वेळ लागतो, तुला ठाऊक आहे. पण हे विचारायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

तुझी बोरमाळ नातीला द्यायची ठरवली. मुलगा म्हणाला, "बाबा, आधी व्हॅल्युएशन करून घ्या, उगाच भावकीत कटकट नको." म्हणून काल नातीला घेऊन बँकेत गेलो. लॉकर मीच उघडतो, किल्ली माझ्या करगोट्याला असते. तिथून टॅक्सीने गिरगावात, दागिन्यांची पारख करणाऱ्या बाईंकडे. मी माळेची पिशवी छातीशी घट्ट धरून बसलो होतो, तर नात म्हणते, "आजोबा, चोरीचा माल आणल्यासारखे काय बसलात?" बाईसुद्धा हसल्या.

काळ्या मखमलीवर माळ ठेवून त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. एकेक मणी फिरवतायत, नखाने वाजवून बघतायत. मी म्हटलं, "मधला एक मणी नाही हं, तिथे काळ्या दोऱ्याची गाठ आहे." त्या म्हणाल्या, "गाठ कुठाय काका? माळ सलग आहे." मोतीबिंदूच्या डोळ्यांचा भरवसा नाही म्हणून मी बोटांनी चाचपलं. गाठ नव्हती.

ती गाठ मीच मारलेली, आई. तू गेलीस त्या सकाळी लालबागच्या खोलीत सगळे खोळंबलेले, आणि मी दोरा उसवून एक मणी काढला, तुळशीपत्रावर ठेवून तुझ्या तोंडात घातला. तुझे दात माझ्या बोटाला लागले. लहानपणी तू भाकऱ्या थापत असायचीस, मी पाठीवर लोंबकळून तीच माळ चोखायचो. एकदा पिठाच्या हाताने थोबाडीत दिलीस, "मेल्या, सोना मेल्यावर तोंडात घालतत!"

"हा एक मणी पोकळ वाजतोय," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांत लाख भरलेली आहे, यातली वितळून गेलीय. आगीतून गेलाय हा. घरात कधी आग लागली होती?"

"पणजी चुलीतच डोकं घालून बसायची म्हणे," नात म्हणाली. दोघी हसल्या. बाईंनी मण्याच्या भोकात सुई फिरवली, तर मखमलीवर चिमूटभर राखाडी पूड पडली. मी हात पुढे केला, तोवर त्यांनी फुंकर मारली होती.

सोनं चोख आहे, सर्टिफिकेट मिळालं. आज नात दोनदा माळ मागायला आली. दोरा जुना झालाय, गाठवून देतो, असं सांगून परत पाठवली. "म्हाताऱ्याचा जीव अडकलाय," म्हणत फुरंगटून गेली. मुलाला सांगावं तर डॉक्टरकडे नेईल.

तो मणी तू पोरीसाठी परत केलास, की माझी वेळ आली म्हणून माझ्यासाठी पाठवलास? तिच्यासाठी असेल तर आनंदाने घालीन तिच्या गळ्यात. माझ्यासाठी असेल तर तो तिच्या अंगाला लागायला नको. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते कळत नाही, उशीखालीच राहील. आणि खरं सांगू? मला अजून यायचं नाहीये. रविवारी हळद आहे, आई. त्याआधी कसंही करून कळव.