न बांधलेल्या विमानाच्या ड्रॉइंगबाबत

मी, नॉर्मन हॉल्सॉल, वय पंच्याहत्तर, राहणार फ्रेकल्टन, लँकेशायर, निवृत्त ड्राफ्ट्समन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; मुलगी ज्युडिथ "बाबा, एकदाचं लिहून टाका" असे फोनवर सतत सांगत असते, तो दबाव धरू नये. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन्ही मी कारखान्यातला माझा जुना सोबती ऑस्टिन थ्रेलफॉल याच्यावर चिडून लिहिली होती.

१. राहते घर, त्यातील सामानासह, ज्युडिथला मिळावे. विकायचे झाल्यास जिन्याची तिसरी पायरी करकरते हे घेणाऱ्याला आधी सांगावे. मी ती दुरुस्ती चाळीस वर्षे उद्यावर ढकलली.

२. बँकेत जे असेल त्यातून माझे अंत्यसंस्कार करावेत, उरेल ते ज्युडिथचे. चर्चच्या सभागृहात जमलेल्यांना बटाटा-कांद्याचे सारण भरून भाजलेली लोण्याची पेस्ट्री आणि लाल कोबीचे लोणचे द्यावे, सँडविचवर भागवू नये. ऑस्टिन बोलायला उभा राहील. त्याला उभे राहू द्यावे, पण घड्याळ लावून. तो चांगला बोलतो आणि लोक ऐकतात. माझ्याच अंत्यविधीला त्याने बाजी मारलेली मला चालणार नाही.

३. ड्रॉइंग बोर्ड, शाईच्या लेखण्या आणि वक्ररेषांच्या पट्ट्या मंगळवारच्या चित्रकला वर्गाला द्याव्यात. हिरवळीवरच्या खेळाचे माझे लाकडी चेंडू क्लबला द्यावेत, फक्त ते ऑस्टिनला उसने देऊ नयेत. त्याचे स्वतःचे आहेत आणि त्यांनी तो पुरेसा जिंकतो.

४. आता मुख्य वस्तू. जिन्याखालच्या कपाटात वॉलपेपरच्या गुंडाळीत एक ड्रॉइंग आहे. ते कोणाला द्यावे यावरच माझी आधीची दोन मृत्युपत्रे फाटली, म्हणून हे कलम लांबेल.

ऑस्टिन आणि मी सोळाव्या वर्षी एकाच सोमवारी विमानांच्या कारखान्यात लागलो. पुढे तीन देशांनी मिळून टॉर्नेडो हे लढाऊ विमान करायचे ठरवले, तेव्हा त्याला विमानाच्या पुढच्या भागाचे काम मिळाले आणि मला वरच्या मजल्यावर पाठवले. तिथे त्याच विमानाचे पुढचे नमुने काढले जात: एक मोठ्या पंखांचा, एक जहाजांवर हल्ला करणारा, एक शत्रूचे रडार हुडकणारा. त्यांच्यासाठी नवी क्षेपणास्त्रेही आम्हीच काढायचो. सगळे कागद लंडनला संरक्षण मंत्रालयात जायचे आणि तिथेच राहायचे. सुतारखान्यात त्यांची हातभर लांबीची लाकडी मॉडेल होत, रंग लागे, ती प्रदर्शनाला जाऊन परत येत आणि फळीवर बसत. एकतीस वर्षांत माझी फळीवर नऊ विमाने झाली. आकाशात एकही नाही.

ऑस्टिनने पुढच्या चाकाचा दरवाजा केला. सांगायला एवढेच, एक दरवाजा. पण तो जवळजवळ हजार विमानांवर बसला, आणि ती विमाने माझ्या छपरावरून जाताना माझ्या कपबशा वाजायच्या. आता शनिवारी तो विमान संग्रहालयात पाहुण्यांना माहिती देतो. विमानाच्या नाकाखाली उभा राहून दरवाजावर हात ठेवतो आणि म्हणतो, "हे मी केलं." हे ऐकायला मी दोनदा तिकीट काढून खांबाआड उभा राहिलो आहे. गेल्या महिन्यात शेवटच्या टॉर्नेडोंनी निरोपाची फेरी मारली तेव्हा कुंपणाशी लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर कशासाठी मारतील?

मला हेवा वाटतो. कागदावर एकदा लिहून टाकलेले बरे.

माझी पत्नी मोनिका, देव तिला शांती देवो, कारखान्यात आमच्या पेन्सिलीच्या ड्रॉइंगवर शाई फिरवायची. कारखान्याच्या नाचाला ती आधी दोन वर्षे ऑस्टिनबरोबर जात असे, हे मला कोणी विसरू दिले नाही, म्हणजे मीच विसरलो नाही. एकदा भांडी घासता घासता ती म्हणाली, "त्याला विमान मिळालं, तुला मी मिळाले. आता पुरे कर, नॉर्मन." मी पुरे केले नाही. ऑस्टिनने लग्न केले नाही, त्याचाही मी वर्षानुवर्षे भलता अर्थ काढत बसलो.

कपाटातले ड्रॉइंग १९७४ सालचे आहे, टॉर्नेडो पहिल्यांदा उडाले त्याच वर्षीचे. सातवा नमुना: अंग लांबवलेला, पोटाखाली दोन लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे घेणारा. माझ्या सर्व कामात हेच खरे चांगले होते. आमच्याकडे प्रत्येक ड्रॉइंग दुसरा माणूस तपासायचा. बरोबर रेघेवर पिवळी पेन्सिल, चुकीवर लाल, आणि लाल दिसली की ती साहेबापर्यंत जायची. त्या आठवड्यात माणसे कमी होती म्हणून तपासणीला ऑस्टिन आला.

मी विमान फुगलेल्या टायरवर उभे काढले होते. नव्या पोरालाही पहिल्या महिन्यात शिकवतात की पोटाखाली काही टांगले तर टायर बसलेले आणि चाकाचा दांडा दबलेला धरून जमिनीपासूनचे अंतर मोजायचे. मी ते विसरलो. ऑस्टिनने लाल पेन्सिल उचलली नाही. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "टायर बसलं तर क्षेपणास्त्राची शेपटी धावपट्टीला घासतेय. खोडरबर घे. मी चहा पिऊन येतो."

चहाला त्याने पाऊण तास लावला. तोवर मी शेपटीची पाती दुमडती केली. त्याने सगळीकडे पिवळी फिरवली, सही केली, आणि आजवर ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मोनिकालाही नाही, मी तिला आडून विचारून पाहिले होते. त्याचा हा गुण मला सर्वांत जास्त खुपतो. तो हलकट असता तर माझे आयुष्य सोपे झाले असते.

तीन महिन्यांनी लंडनहून दोन ओळींचे पत्र आले आणि नमुना रद्द झाला. सगळे कागद बॉयलरमध्ये टाकायचा हुकूम होता. हा एक मी वॉलपेपरमध्ये गुंडाळून फाटकाबाहेर आणला. त्याच्या कोपऱ्यात चार चौकटी आहेत. काढणार हॉल्सॉल, शाई कु. एम. कार म्हणजे मोनिका, तपासणार थ्रेलफॉल. मंजुरीची चौकट कोरी.

संग्रहालयात आता न बांधलेल्या नमुन्यांची एक भिंत होते आहे. ऑस्टिन दर गुरुवारी येऊन हे ड्रॉइंग मागतो. मी सांगतो, जाळले. तो म्हणतो, "तू जाळणारा नव्हेस," आणि बिस्किटे खातो.

तर हे ड्रॉइंग मी ऑस्टिन थ्रेलफॉल याला देत आहे, संग्रहालयाला नाही, त्याला. त्याने ते भिंतीवर लावावे किंवा पलंगाखाली ठेवावे. लावल्यास पाटीवर माझे नाव पहिले असावे आणि त्याची अक्षरे माझ्यापेक्षा मोठी नसावीत. टायरची गोष्ट सांगायची की नाही, ते त्याने ठरवावे.

५. साक्षीदारांबाबत. आज सकाळी ऑस्टिन आपले शाईचे पेन घेऊन आला. मृत्युपत्र आहे म्हणजे साक्षीला आपणच, असे त्याने गृहीत धरले होते. इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. सही केली की त्याचा वाटा गेला. हे त्याला ठाऊक नव्हते, मला होते. मी नुसता गप्प बसलो असतो तरी त्याने स्वतःच्या हाताने ड्रॉइंग घालवले असते. खोटे कशाला लिहू, क्षणभर मला ते फार गोड वाटले.

मी म्हणालो, "तुझी सही नको."

"आयुष्यभर तुझ्या कागदांवर सह्या केल्या. यावर नको?"

"नको."

त्याने पेनला टोपण लावले. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा, नॉर्मन?"

उत्तर द्यायचे तर कलम चार सांगावे लागले असते. मग त्याने माझे आभार मानले असते, आणि त्याचे आभार मला सोसत नाहीत. मी बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. तो चहा तसाच टाकून गेला. पंचाहत्तरीतही ताठ चालतो, पण आज खिडकीवरून जाताना वाकलेला दिसला.

ज्युडिथ, हे वाचून झाले की पाहुण्यांना चहा देण्याआधी त्याच्याकडे जा आणि सही का नको म्हटले ते सांग. मला ते तोंडाने जमले नाही.

मृत्युपत्र करणार: नॉर्मन हॉल्सॉल

आम्हा दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली, त्यानंतर त्यांच्या समक्ष आम्ही केल्या:
ब्रेंडा डक्सबरी, शेजारीण
कीथ ॲल्स्टन, खिडक्या पुसणारे (शिडीवरून बोलावून आणले)

ठिकाण: फ्रेकल्टन, लँकेशायर
दिनांक: १४ मार्च २०१९, गुरुवार