सोलो ट्रिप, मुक्काम रूपरावांकडे

१२ जानेवारी, रविवार. आर्वी.

निर्णय पक्का. बुधवारी निघणार. रत्नागिरी, चार दिवस, एकटा.

वयाच्या एकावन्नाव्या वर्षापर्यंत मी एकट्याने कुठे मुक्काम केलेला नाही, हे आज मोहिनीने चारचौघांत सांगितलं. संस्थेतले लोक चहाला आले होते आणि मी सोलो ट्रॅव्हलिंगवर बोलत होतो. आमची ही ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, यायले नागपूरले पाठवलं तं बस स्टँडवरूनच चार फोन करतेत. सगळे हसले. बापूराव शिपाई जरा जास्तच हसला.

दाखवून देतो. घरी एकही फोन करणार नाही. समुद्रासमोर एकटा बसून स्वतःचा शोध घेणार. समुद्र अजून पाहिलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

१५ जानेवारी. मडगावच्या गाडीत.

वर्धा सुटलं. मोकळा झालो. मोहिनीने बारा पोळ्यांचा डबा दिलाय. सोलो ट्रॅव्हलर घरचा डबा नेत नाही, असं म्हणणार होतो, पण वेळ नव्हता.

पुलगाव यायच्या आत एक फोन केला. लोणचं कोणत्या पिशवीत आहे ते विचारायला. तो हिशोबात धरत नाही.

१६ जानेवारी, संध्याकाळ. रत्नागिरी.

पहिला अनपेक्षित शोध आज लागला आणि तो माणसाच्या रूपात लागला.

दुपारी एसटी स्टँडवर उभा राहून फोनवर लॉजवाल्याला पत्ता विचारत होतो. घाईत आपली बोली बाहेर पडली. मले समजूनच नाई राह्यलं बाप्पा, कोनत्या बाजूनं येऊ, असं काहीतरी. रिझर्व्हेशनच्या खिडकीसमोर उभा असलेला एक गृहस्थ गर्रकन वळला. गाव विचारलं. मी आर्वी म्हणालो. तो म्हणाला, मी अल्लीपूरचा! म्हणजे आमच्याच वर्धा जिल्ह्यातला. एवढं म्हणून त्याने माझा हातच धरला. नाव रूपराव. इथल्या आयटीआयमध्ये तीस वर्षं शिकवलं, आता रिटायर. दोन मिनिटांत निघालं की त्यांची मामेबहीण आमच्या मागच्या तिसऱ्या गल्लीत दिली आहे.

मी लॉजचं नाव सांगितलं तर चेहराच पडला. म्हणाले, आपला मानूस गावात असताना लॉजवर? लोक काय म्हनतीन? हातातली तिकिटं खिशात कोंबली आणि माझी बॅग उचलली.

एक रात्र थांबतो. फक्त एक. नाही म्हटलं असतं तर माणूस दुखावला असता.

घर टापटीप आहे. दाराशी दोन बॅगा भरून ठेवलेल्या. रूपरावांच्या मिसेस, आनंदाबाई, त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग बॅगांकडे, आणि मग या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. आपल्या भागाचं माणूस इतक्या वर्षांनी दारात आल्यावर येणारच.

१७ जानेवारी.

सकाळी निघतो म्हणालो. रूपराव म्हणाले, थांबा न, आता कुठं आले, काय घाई हाये. आनंदाबाई पण आतून थांबा न म्हणाल्या. लगेच आत काहीतरी भांडं पडलं. इतक्या आग्रहापुढे काय करणार?

रूपराव दहा वाजता घाईघाईने स्टँडवर जाऊन आले. जरासं काम होतं म्हणाले.

दुपारी समुद्राकडे सटकलो. कोपऱ्यावरच मागून स्कूटर. पाहुना एकटा कसा फिरन, म्हणाले, बसा मागं. भाट्ये बीचवरचा समुद्र त्यांच्या हेल्मेटच्या डाव्या बाजूने पाहिला. निम्मा दिसला. निम्म्यात स्वतःचा शोध लागत नाही. शिवाय त्यांनी स्कूटर बंदच केली नाही.

आनंदाबाईंनी डिंकाचे लाडू केलेत, मोठा डबाभर. मी आत गेलो तर डबा फडताळात सारू लागल्या. भीडस्त बाई. मीच मागून घेतले. तीन.

१८ जानेवारी.

मी इथे अडकलो आहे. स्वतःपुरतं लिहून ठेवतो. प्रेमाने अडकवलेल्या माणसाला ओरडताही येत नाही. सकाळी चहा, लगेच नाश्ता, जेवण, पुन्हा चहा. लाडू मागावे लागतात एवढंच. त्यांची खोली मला दिली आहे. ते दोघं हॉलमध्ये सतरंजीवर. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणणं बरं दिसलं नसतं.

आज जेवताना आनंदाबाई त्यांच्या मयुरीबद्दल सांगत होत्या. मुलगी कोल्हापूरला दिली आहे, दुसरी खेप, दिवस भरत आलेत, थोरली तीन वर्षांची, घरी बघायला कोणी नाही, वगैरे. मी तेव्हा नेमका रूपरावांना एकट्याने फिरण्याचे फायदे समजावत होतो, त्यामुळे लिंक तुटली. तरी त्यांना धीर दिला. म्हणालो, वहिनी, काळजी नका करू, आजकाल बाळंतपणं काय, सगळं इझी झालंय. त्या उठून आत गेल्या.

निश्चय: उद्या उजाडायच्या आत पसार.

लाडू दोन. संध्याकाळी आणखी दोन.

१९ जानेवारी.

साडेपाचला चपला हातात घेऊन हॉलमधून निघालो. रूपराव ताडकन उठून बसले. निघाले का, म्हणाले. काय तो आवाज! थरथरत होता. मी जातोय या नुसत्या कल्पनेने माणूस असा कासावीस झालेला मी आजवर पाहिला नव्हता. म्हणालो, नाही नाही, बाथरूमला. ते भिंतीकडे तोंड करून पडले.

फार वाईट वाटलं. पुन्हा असं त्यांना घाबरवायचं नाही.

दहाला रूपराव पुन्हा स्टँडवर. या वयात एवढ्या चकरा बऱ्या नव्हेत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

२० जानेवारी.

रात्रीच्या जेवणाला विषय काढला. म्हणालो, उद्या मात्र निघावं म्हणतो. दोघांचेही घास थांबले. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. मग रूपराव म्हणाले, थांबा न. जरा उशिरा म्हणाले, पण म्हणाले. आनंदाबाई तर ताटातला भात नुसता चिवडत राहिल्या. मला राहवेना. म्हटलं, ठीक आहे, गुरुवारपर्यंत राहतो, पण त्यापुढे आग्रह करू नका.

आनंदाबाई ताट तसंच ठेवून आत गेल्या. फोनवर बोलत होत्या. येतो व माय, पन पाहुने हायेत न घरी, एवढंच ऐकू आलं. मुलीला माझ्याबद्दलच सांगत असणार.

लॉजचं बुकिंग गेलं. समुद्र गेला. रजा चालली. दुसऱ्याचं मन राखता राखता माझी ट्रिप संपत आली आहे. एकटेपणाची पाच मिनिटं मिळत नाहीत. खिडकीतून समोरच्यांचा माड दिसतो. त्याच्या पलीकडे समुद्र असावा.

२१ जानेवारी.

मोहिनीला फोन. (एकूण नववा. पण आजचा महत्त्वाचा होता.) सांगितलं की हे लोक मला सोडतच नाहीत, काय करू. ती म्हणाली, थे सोडून नाई राह्यले का तुमीच निघून नाई राह्यले? मी फोन ठेवला. माणसांची पारख प्रत्येकाला नसते.

संध्याकाळपासून घरात सारखे फोन चालू आहेत. कानात कापूस घालून लवकर झोपतो. उद्या काहीही होवो, समुद्र. एकटा. रूपराव रडले तरी.

२२ जानेवारी, ७.२०.

चहा आला नाही.

७.४०

घरात कोणी नाही. दाराशी बॅगा नाहीत. ओट्यावर माझ्यासाठी पोहे झाकून ठेवलेत.

८.१५

शेजारच्या काकू आल्या. रूपराव त्यांच्याकडे निरोप ठेवून गेले होते. मयुरीला पहाटे कळा सुरू झाल्या. बसची वाट न बघता हे दोघं गाडी करून कोल्हापूरला गेले. माझं दार दोनदा वाजवलं म्हणे.

काकू बोलक्या आहेत. यांची तिकिटं सोळाचीच होती, संध्याकाळची. मी आलो त्या दिवसाची. पुढची सतराला काढली, मग एकोणीसला. शेवटी खिडकीवरचा माणूस रूपरावांना म्हणाला, काका, तुम्ही आधी घरी नक्की ठरवा. थोरली नात पाच दिवस कोल्हापुरात शेजाऱ्यांकडे आहे. आनंदाबाई रोज काकूंकडे येऊन रडायच्या. काकू म्हणाल्या, अहो, मी म्हटलं त्यांना, सांगा ना सरळ पाहुण्यांना. तर नाही. तुमच्याकडे अशी पद्धतच आहे का हो?

मी म्हणालो, असते.

लाडू बाळंतिणीचे होते. काकूंनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सतरा खाल्ले.

९.००

लाज वाटते आहे. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. पोहे खाल्ले नाहीत. त्यांची सतरंजी झटकून घडी घातली. खोली झाडली. घरात मी एकटा आहे, समुद्र पंधरा मिनिटांवर आहे, मागे स्कूटर नाही. चपला घातल्या. काढल्या.

११.५०

रूपरावांचा फोन आला. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघीही ठीक. बाळ सव्वानऊला झालं, हे पोचले पावणेदहाला. अर्ध्या तासानं हुकलं, म्हणाले, आणि हसले. आनंदाबाई मागे बाळाशी काहीतरी बोलत होत्या. इतक्या दिवसांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

मी विचारलं, रूपराव, मले सांगतलं काऊन नाई?

ते म्हणाले, घरच्या मानसाले जा कसं म्हनाव, मुकेशभाऊ?

मागे बाळ रडत होतं.

मग मी म्हणालो, आज निघतो मी.

रूपराव म्हणाले, बरं.