बाबा, दोष पाइपाचा होता

बाबा,

तुमी वावरात पाणी द्याले गेले, म्हणून लिहून ठेवते. गाडी दुरुस्त झाली. टर्बो गेला नव्हता, इंजिनही खोलावं लागलं नाही.

काल गोपाल मिस्त्रीनं बोनेट उघडून मले रेस द्याले लावली अन् कान देऊन आयकत राहिला. खालून फुस्स आवाज आला. टर्बोची हवा इंजिनात नेणारा जाड रबरी पाइप खालच्या अंगानं चिरला होता, वरून दिसतच नव्हता. इंजिनले हवा पुरत नव्हती, डिझेल अर्धवट जळत होतं. म्हणून गाडी ओढत नव्हती अन् काळा धूर फेकत होती. नवा पाइप टाकला. ज्या पुलाच्या चढावर ती बसली होती तिथंच नेली. सरसर चढली! आरशात पाह्यलं, मागं धूर नाही. तवा माझ्या जीवात जीव आला.

मी मिस्त्रीले इचारलं, "चालवणाऱ्याचं काही चुकलं का?" तो म्हणे, "ताई, रबर जुनं झालं, चालवणारा काय करन?"

तुमी चालवत असताना गाडी त्या चढावर अडली, त्या दिवशी मी पाहुण्यायसमोर बोलली, का आता तुमच्यानं गाडी चालत नाही. तवापासून तुमी स्टेअरिंगले हात लावला नाही. मी चुकली, बाबा.

आज दुपारी आईले अकोल्याच्या दवाखान्यातून सुट्टी आहे. मी कागदपत्रं कराले एसटीनं पुढं चालली, गाडी मुद्दाम ठेवली. डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, तिले धक्के बसाले नको. तुमच्यासारखी सावकाश मले चालवता येत नाही. बारापर्यंत या.

हर्षा