तुमी शिकवलेला शड्डू

न्हाय आबा, तुमचंच चुकलं. ‘पोराला पेठ सांभाळंल’ म्हणून सांगून गेलासा तुमी, आणि आमी ते खरं धरून बसलो. पेठ म्हणजे काय भिंत हाय व्हय, एकदा बांधली की झालं? पेठ म्हणजे माणसं. आणि माणसं पुण्याला जात्यात, म्हातारी होत्यात, वरचा मजला भाड्यानं देत्यात. हे तुमाला कळाय पायजे होतं.

भाऊ शाळंला जायच्या वयाचा झाला तरी बोलंना, तेव्हा डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. आई देवळं फिरत होती. तुमी मात्र शिरोलीच्या फौंड्रीतनं सुटून, अंगावरची काळी वाळू न धुता, त्याला खांद्यावर टाकून थेट तालमीत. मी पायरीवर बसून गृहपाठ करतीय. वस्ताद त्याला लाल मातीत उभा करत्यात. तुमी त्याचा इवलासा हात धरून त्याच्याच मांडीवर आपटताय, परत परत, आणि मग एकदाचा तो स्वतः शड्डू ठोकतो आणि समोरचा दांडगा पैलवान मुद्दाम चितपट होतो. सगळी तालीम हसतीय. त्या दिवसापास्नं पेठेत कुणीबी त्याला बघितलं की मांडीवर थाप मारायचं, पानवाला, दूधवाला, शाळंला चाललेली पोरं. तो पळत जाऊन गळ्यात पडायचा. तोच त्याचा रामराम. न्हाव्याच्या मशीनला तो किंचाळायचा, तर पोरांनी न्हाव्यालाच तालमीत आणलं. पाय मातीत असले की गप केस कापू द्यायचा. मला वाटायचं, जगात सगळीकडं असंच असतं.

तुमी गेलासा आणि त्याचं अंग तुमच्यासारखं भरलं. दाराएवढा झालाय. त्याच्यासाठी पडणारी पोरं आता इथं न्हाईत. अर्ध्या तालमीत जिमच्या मशिना आल्यात. नवी पोरं वाईट न्हाईत, पण त्यांच्या कानात गाणी असत्यात. आई रविवारी एका शाळेच्या वर्गात जाते, तिथं असल्या पोरांचे आईबाप जमत्यात. एकमेकांची पोरं आळीपाळीनं सांभाळायची असं ठरलंतं, म्हणजे कुणाला लग्नाला जाता यावं, कुणाला नुसतं झोपता यावं. पोरं लहान होती तवर चाललं. मोठी झाली, ताकदीची झाली, आणि दुसऱ्याचं दांडगं पोरगं आवरायचा जोर कुणातच ऱ्हायला न्हाय. आता तीन-चार आया बसत्यात, चहा पित्यात. ‘आपल्या मागं कोण’ हे आता कुणी विचारतसुद्धा न्हाय.

गेल्या आठवड्यात पार्सल घेऊन आलेला एक पोरगा आमच्या दारात गाडीवरनं उतरला आणि पँटवरची धूळ झाडली. फाट, फाट. झालं. भाऊ घरातनं सुटला. त्या पोराला काय ठावं? त्यानं हिसडा दिला, दोघंबी आपटले, पोराचा खांदा निखळला. भाऊ त्याच्या छातीवर बसून हसत होता, आता हाबी हसंल म्हणून वाट बघत. आई म्हणतीय, पावणं, तो खेळतोय ओ. आणि समोरचा नवा भाडेकरू गॅलरीतनं व्हिडिओ काढतोय.

दुसऱ्या दिवशी वस्ताद आले, काठी टेकत. चहाला हात लावला न्हाय. म्हणाले, “पोरी, उद्यापास्नं त्याला तालमीत आणू नकोस.”

मी म्हणाले, “शड्डू तुमीच शिकवलासा की.”

“व्हय. तवा आमाला त्याला उचलता येत होतं.”

उठताना सवयीनं त्यांचा हात मांडीकडं गेला आणि तसाच मागं आला. भाऊ दारातनं त्या हाताकडं बघत होता.

आता मी त्याला नमस्कार शिकवतीय. हात जोडतो. शड्डू ऐकला की विसरतो. आणि रोज संध्याकाळी तालमीच्या टायमाला चप्पल घालून दाराशी उभा ऱ्हातो, अंधार पडंस्तवर. आई गुडघे चोळत म्हणते, माझ्यामागं तू हायस की. मी त्याला किती दिवस उचलीन?

काल त्यानं ताट ढकललं. आई गच्चीवर कपडे काढाय गेलती. मी दार लावलं, खिडकी लावली, आणि ठोकला शड्डू. मीच. तो आला, गळ्यात पडला, माझी पाठ फरशीला टेकली, आणि किती दिवसांनी हसला तो. मलाबी हसू आलं, आणि भ्याबी वाटलं, कारण मला उठता येईना. आईला सांगितलं न्हाय. तुमाला सांगतीय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायचंच न्हाय.

बास. काय बोलू नका आता. त्यानं चप्पल घातलीय. मी कडी लावाय चालले.